माळ्यावरच्या संगणकाला लगेच वीज देऊ नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे काय करावे, याविषयी आपल्या दैनिकात नुकताच आलेला लेख वाचला. निकामी मोबाइल, चार्जर, टीव्ही रद्दीवाल्याला न देता ई-कचरा संकलन केंद्रातच द्यावेत, हा त्यातील सल्ला योग्य आहे आणि तो वारंवार छापला गेला तरी हरकत नाही. मात्र घरात जुना संगणक सापडल्यास ‘एकदा लावून पाहावा, चालला तर ठेवावा, नाही तर द्यावा’ अशा अर्थाचे एक वाक्य त्यात ओघात येऊन गेले आहे, त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. मी एका तंत्रनिकेतनात २७ वर्षे इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळली आणि निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतून आलेले काही जुने घरगुती संगणक दुरुस्त केले. त्या अनुभवावरून सांगते की, ३५-४० वर्षे माळ्यावर सुखरूप पडून राहिलेला संगणक बहुधा या ‘एकदा लावून पाहण्या’तच मरतो. हे मी दुसऱ्यांच्या घरी पाहिले होतेच. गेल्या उन्हाळ्यात माझ्याच घरी घडले.

माझे थोरले दीर १९८४ साली इंग्लंडहून परतले, ते सोबत सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम घेऊन. रबरी कळांचा, काळा, साधारण वहीएवढा हा संगणक ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आला. त्यात ३.५ मेगाहर्ट्‌झचा झेड-८०ए प्रोसेसर आणि मोठ्या आवृत्तीत ४८ किलोबाइट स्मृती असे. आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही त्यात मावणार नाही. पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवणीसाठी कॅसेटचा टेपरेकॉर्डर. पुण्याच्या वाचकांना कदाचित आठवत असेल, की याच संगणकाची ‘प्लस’ आवृत्ती ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या पुण्यातल्या कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली होती. तेव्हा ही यंत्रे आमच्यासारख्या एखाद्‌दुसऱ्या घरातच असतील, असे समजण्याचे कारण नाही. पेठांमधल्या आणि कोथरूड-एरंडवण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या माळ्यांवर, गौरीच्या मुखवट्यांच्या पेटीशेजारी, ती अजूनही पडून असणार.

आमच्या स्पेक्ट्रमचा मूळ अडॅप्टर सापडला, पण त्याच्या वायरचे आवरण कडक होऊन तडकले होते. माझ्या नातवाने शहाणपणाने तो बाजूला ठेवला आणि तितक्याच उत्साहाने वाय-फाय राउटरचा अडॅप्टर आणला, कारण त्याची पिन भोकात बसत होती. पिन बसते म्हणजे जुळते, हा समज फार घातक आहे. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि त्याच्या पिनेचा आतला भाग ऋण व बाहेरचा धन असतो. आज घरोघरी असलेल्या राउटरचे अडॅप्टर बहुतांशी १२ व्होल्टचे आणि नेमके उलटे, म्हणजे आत धन व बाहेर ऋण असे असतात. नातवाने तो जोडला, टीव्हीवर काही दिसेना म्हणून काढला, पुन्हा जोडला, आणि असे चार वेळा करून मग मला हाक मारली. तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते.

काय होऊन गेले होते हे थोडे सविस्तर सांगते, कारण ‘जळला’ एवढ्या एका शब्दावर असे संगणक कचऱ्यात जातात आणि प्रत्यक्षात जळलेला भाग काही रुपयांचा असतो. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ किलोबाइट स्मृतीसाठी ४११६ या क्रमांकाचे आठ आयसी, म्हणजे चिप, असतात. त्या पिढीच्या आयसीला एक नव्हे, तीन वेगवेगळे विद्युतदाब लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ व्होल्ट. अधिक ५ हा ७८०५ या सर्वपरिचित रेग्युलेटरकडून, म्हणजे दाब स्थिर ठेवणाऱ्या भागाकडून, मिळतो, तर उरलेल्या दोघांसाठी बोर्डावरच एक छोटे कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टर यांचे मंडल (सर्किट) आहे. त्यातला टीआर-४ म्हणून ओळखला जाणारा ट्रान्झिस्टर हा या यंत्राचा सर्वांत नाजूक अवयव. तो गेला की उणे ५ व्होल्ट नाहीसे होतात, आणि उणे ५ नसताना बाकीचे दाब चालू राहिले तर ४११६ तापतो व मरतो. म्हणजे बिघाड एका ट्रान्झिस्टरपुरता असतानाच ‘परत एकदा लावून बघू’ म्हणणारा माणूस स्मृतीचे आयसीही घालवून बसतो. नातवाच्या चार प्रयत्नांपैकी पहिल्यात किती गेले आणि उरलेल्या तिनात किती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

दुरुस्तीची सुरुवात मी यंत्र बंद ठेवूनच केली. मल्टिमीटरने कोणत्याही एका ४११६ च्या पिन क्रमांक १, ८ आणि ९ यांचा १६ क्रमांकाच्या पिनेशी असलेला रोध मोजला, की तिन्ही दाबांच्या वाटांपैकी कोठे शॉर्ट आहे ते कळते. त्यानंतर वीज. मूळ अडॅप्टरची वायर बदलून तो आधी एकटाच मोजला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हा अडॅप्टर जुन्या पद्धतीचा, अनियंत्रित आहे. त्याच्यावर भार नसताना मीटर १२ ते १४ व्होल्टही दाखवतो, आणि तो बिघडला असे समजून लोक चांगला अडॅप्टर फेकून देतात. इंग्लंडहून आलेल्या यंत्रांबाबत आणखी एक. तिकडच्या चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये फ्यूज असतो. इथल्या सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून आपण तो प्लग कापून आपला लावतो, तेव्हा तो फ्यूजही कापून टाकतो. मी वायरच्या मध्ये एक छोटा फ्यूज होल्डर घातला आहे.

अपेक्षेप्रमाणे अधिक ५ व्यवस्थित होते, उणे ५ चा पत्ता नव्हता. टीआर-४ बदलला. झेडटीएक्स-६५० हा त्याचा क्रमांक तापकीर गल्लीतल्या तीन दुकानांत मिळाला नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाला. वीज आत येते तिथला, उलट्या दाबाने फुगलेला कपॅसिटरही बदलला. तिन्ही दाब आले, तसा पडद्यावर कंपनीचा १९८२ सालचा हक्कसंदेश (कॉपीराइटची ओळ) दिसण्याऐवजी काळ्यापांढऱ्या उभ्या रेघांचा पट दिसू लागला. ज्याने हे यंत्र पूर्वी उघडलेले नाही त्याला ही रेघोट्यांची गर्दी म्हणजे शेवट वाटेल. वास्तविक ती तक्रार अगदी स्पष्ट शब्दांत केलेली असते. पडद्यावरचे चित्र या संगणकात खालच्या स्मृतीतच, १६३८४ या पत्त्यापासून पुढच्या ६९१२ बाइटमध्ये साठवलेले असते. आठ आयसींपैकी प्रत्येक जण बाइटचा एकेक बिट सांभाळतो. एखादा आयसी अडकला की दर आठ ठिपक्यांमागे एक उभी रेघ येते आणि त्या आठांतली तिची जागा पाहून कोणता आयसी मेला हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते. आजच्या कोणत्या यंत्राचा पडदा आपल्याच दुखण्याची जागा अशी बोट ठेवून दाखवतो? आमच्या यंत्रात दोन आयसी गेलेले होते. एक पडद्याने सांगितला, दुसरा तापलेला लागला म्हणून बोटाने सांगितला. (बोट अलगद लावावे. शॉर्ट झालेला आयसी चांगलाच भाजतो.)

जुना आयसी काढताना तो वाचवण्याचा मोह धरू नये. मेलेला आयसी बारीक कटरने पिना कापून काढावा, मग एकेक पिन डाग (सोल्डर) तापवून ओढावी आणि भोके वितळलेला डाग ओढून घेणाऱ्या सकरने साफ करावीत. आयसी अखंड काढण्याच्या नादात बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक उखडतात, आणि उखडलेला ट्रॅक ही मेलेल्या आयसीपेक्षा मोठी आपत्ती आहे. रिकाम्या जागी आयसी बेस (सॉकेट) लावावा, म्हणजे पुढच्या वेळी डाग देण्याची गरज उरत नाही. ४११६ चे उत्पादन केव्हाच थांबले आहे. पडून राहिलेल्या साठ्यातून किंवा दुसऱ्या मेलेल्या बोर्डावरून ते मिळवावे लागतात. अनेक जण त्याऐवजी सहज मिळणारा ४१६४ वापरा असे सांगतात. वरच्या ३२ किलोबाइटसाठी, बोर्डावरची जोडणी योग्य केली, तर ते ठीक आहे. खालच्या स्मृतीत मात्र तो तसाच कधीही बसवू नये. ४११६ च्या ज्या ८ क्रमांकाच्या पिनेला १२ व्होल्ट मिळतात, तीच ४१६४ ची ५ व्होल्टची पिन असते. बोर्डावरचे दाब आधी बदलून न घेता तो लावला तर दुकानातून आणलेले आठही नवे आयसी एका क्षणात जातील.

संदेश एकदाचा उमटल्यावर घरात जो आरडाओरडा झाला त्याचे वर्णन करत नाही. त्यानंतरची पहिली तपासणी मात्र वाचकांनीही करावी. ‘प्रिंट पीक २३७३२ + २५६ गुणिले पीक २३७३३’ या अर्थाची, बेसिक या त्याच्या आज्ञाभाषेतली ओळ दिली की स्मृतीचा शेवटचा पत्ता कळतो. उत्तर ६५५३५ आले तर पूर्ण ४८ किलोबाइट शाबूत आहेत. ३२७६७ आले तर यंत्र १६ किलोबाइटचे तरी आहे किंवा त्याची वरची स्मृती दिसेनाशी झाली आहे. मधलाच एखादा आकडा आला तर तेवढ्या पत्त्यानंतर कोठेतरी दोष आहे. चालू होताना यंत्र स्वतःच स्मृती तपासते आणि जिथे अडखळते तिथे थांबून तेवढीच आपली मानते. त्यामुळे वरची स्मृती बिघडलेला संगणक वरवर पाहता निरोगी दिसतो आणि मोठा कार्यक्रम लोड करताना नेमका दगा देतो.

कळफलकाच्या बाबतीत थोडक्यात सांगते. एकाच ओळीतल्या पाच कळा एकदम चालत नसतील तर कळांना दोष देऊ नये. ४० कळा आठ गुणिले पाच अशा जाळीत बांधलेल्या आहेत, आणि पाच कळा एकत्र जातात तेव्हा कळांखालच्या पातळ पडद्याची, मेम्ब्रेनची, पट्टी तुटलेली असते. पुण्यातल्या कोरड्या उन्हाळ्यांनी ती पापडासारखी होते. झाकण उघडताना झटका बसला की गेलीच. नवीन मेम्ब्रेन अजूनही तयार होऊन मिळतात. कॅसेटच्या जागी मोबाइलचा हेडफोन सॉकेट वापरून जुने कार्यक्रम लोड करता येतात. फक्त मोबाइल आधी फ्लाइट मोडवर टाकावा, कारण पाच मिनिटे चाललेल्या त्या कर्कश सुरावटीत मध्येच एखाद्या निरोपाची घंटी वाजली की लोडिंग मोडते आणि पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे ते दोनदा झाले, दोन्ही वेळा निरोप माझ्या भावजयीचा होता.

आता सुधारणांविषयी, कारण दुरुस्ती झाली की प्रत्येकाला पुढचे पाऊल टाकावेसे वाटते आणि माझा त्याला विरोध नाही. विरोध आहे तो परत फिरता येणार नाही अशा बदलांना. मूळ ७८०५ रेग्युलेटर जादा दाब उष्णतेच्या रूपात उधळतो आणि ती उष्णता धातूच्या पट्टीवाटे आतच कोंडते; आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात खोलीचेच तापमान ३५ अंशांच्या वर असताना त्याच जागी बसणारा स्विचिंग प्रकारचा रेग्युलेटर लावणे शहाणपणाचे आहे. तो तीन पिनांचाच असतो, उद्या काढता येतो. टीव्हीला जाणारा संकेत मुळात अँटेनाच्या भोकातून ३६ क्रमांकाच्या वाहिनीवर जातो आणि आजच्या टीव्हीवर तो शोधणे जिकिरीचे होते. हा संकेत तयार करणाऱ्या मॉड्युलेटरच्या पत्र्याच्या डबीत आतल्या आत जोडणी बदलून त्याच भोकातून थेट व्हिडिओ काढता येतो, चित्र कितीतरी स्वच्छ येते आणि बाहेरून एकही भोक पाडावे लागत नाही. मेमरी कार्डावरून कार्यक्रम लोड करणारी छोटी यंत्रे मागच्या जोडणीवर लागतात. ती जोडणी खोडरबरने हलक्या हाताने साफ करावी, आणि वीज चालू असताना तिथे काहीही लावू किंवा काढू नये. या संगणकाला वीज बंद करण्याचे बटणच नसल्याने हा अपघात फार सहज होतो. मात्र सॉकेटसाठी मूळ आवरण कापणे, नवा बोर्ड कोंबायचा म्हणून जुना टाकून देणे, असले प्रकार पाहिले की मला वाईट वाटते. काढलेला प्रत्येक भाग, कोठून आणि कधी काढला ते लिहून, जपून ठेवावा. मी त्यासाठी स्टीलचा जुना मसाल्याचा डबा वापरते. प्लॅस्टिकच्या डबीत स्थिर विजेने आयसी मरू शकतात. स्टीलच्या डब्यात तो धोका बराच कमी होतो, आणि वाट्या आयत्याच मिळतात.

स्पेक्ट्रमविषयी इतके लिहिले, पण मराठी घरांत त्याहून अधिक संख्येने सापडतील ते नव्वदच्या दशकातले २८६, ३८६ आणि ४८६ वर्गाचे पीसी. त्यांच्याबाबत तर वीज न देताही घाई करायला हवी, कारण त्यांपैकी अनेकांच्या मदरबोर्डवर निळ्या वेष्टनातली, ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट डाग देऊन बसवलेली असते. ती गळते. गळलेले द्रव्य तांब्याचे ट्रॅक आणि शेजारचे आयसी खात खात पुढे सरकते आणि हे काम यंत्र बंद असतानाही, आत्ता या क्षणी, माळ्यावर चालू असते. पीसी उघडा, बॅटरी कापून काढा आणि ती ई-कचऱ्यात द्या; बॅटरीविना बहुतेक बोर्ड चालू होतात, फक्त तारीख आणि डिस्कची माहिती विसरतात. द्रव्य गळलेली जागा स्वच्छ करण्यासाठी अनेक जण खाण्याचा सोडा वापरतात, ते चूक आहे. हे द्रव्य आम्ल नसून अल्कली असते. त्यावर पांढरे व्हिनेगर कापसाच्या बोळ्याने लावावे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे.

शाळांच्या कपाटांतही काही यंत्रे असतील. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पाखाली शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक दिले होते. त्या जातीच्या जुन्या संगणकांच्या पॉवर सप्लायमध्ये थेट २३० व्होल्टवर बसणारा, पारदर्शक पिवळसर आवरणाचा कपॅसिटर असतो. आवरणाला बारीक तडे जाऊन त्यात दमट हवा शिरते आणि कित्येक वर्षांनी वीज दिल्यावर काही मिनिटांत तो दाट, दुर्गंधी धूर ओकतो. एका शाळेत असा धूर निघाल्यावर संगणक त्याच दिवशी भंगारात गेल्याचे मला नंतर कळले. त्यातला खराब भाग पन्नास रुपयांहून कमी किमतीचा होता आणि यंत्राचे बाकी काहीच बिघडलेले नसणार.

आता मूळ मुद्द्याकडे येते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत मोडतोड करून धातू काढणाऱ्यांबरोबरच वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांच्या नोंदणीचीही तरतूद आहे. असे असताना संकलन शिबिरांत आलेला प्रत्येक जुना संगणक एकाच पोत्यात टाकण्याचे कारण नाही. महापालिकेच्या आणि सोसायट्यांच्या शिबिरांत अशा यंत्रांसाठी एक वेगळे खोके ठेवावे आणि ते जवळच्या आयटीआयला किंवा तंत्रनिकेतनाला द्यावे, ही माझी विनंती आहे. या यंत्रांचे आयसी हाताने काढता-घालता येतात, त्यांची मंडलचित्रे उत्पादकांनीच छापलेल्या सेवा-पुस्तिकांत पूर्ण दिलेली असत, आणि बिघाडाचा माग मल्टिमीटर घेऊन टप्प्याटप्प्याने काढता येतो. एक बोर्ड चुकून जळाला तरी विद्यार्थी त्यातून जे शिकेल ते सीलबंद मोबाइल उघडून शिकता येणार नाही.

आपल्या दैनिकाने त्या लेखातील वाक्याची दुरुस्ती छापावी. ‘लावून पाहावा’ याऐवजी ‘अडॅप्टरचा दाब आणि दिशा तपासावी, बॅटरी असल्यास काढावी, आणि खात्री नसेल तर जाणकाराला दाखवावे’ एवढे पुरे आहे. जागा कमी पडत असेल तर माझ्या पत्रातले स्पेक्ट्रमचे पुराण गाळले तरी चालेल. बॅटरीचा परिच्छेद तेवढा ठेवावा.

आमच्या घरातल्या प्रत्येक अडॅप्टरवर आता व्होल्ट आणि पिनेची दिशा लिहिलेली कागदी पट्टी आहे. राउटरच्या अडॅप्टरवरची पट्टी नातवाने स्वतः, लाल शाईने लिहिली.

आपली,
एक निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स अध्यापिका
कोथरूड, पुणे